तळच्या कप्प्यातला ताप

मित्रांनो, जन्मभर गारठून राहिलो, पण पोटात कधी कुल्फी गेली नाही, असा मी एक जुना डीप फ्रीजर. परभणी जिल्ह्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत उभा आहे. तिचं नाव सांगत नाही. नावाला जपणारी माणसं तिथे पुष्कळ आहेत.

दूरच्या एका कारखान्यात माझ्या पत्र्याच्या भिंतींमध्ये फेस भरला, पोटात कप्पे बसवले आणि उणे ऐंशी अंशांची थंडी मला शिकवली. आजारी माणसांच्या रक्ताच्या नळ्या वर्षानुवर्षं नासू न देता सांभाळायच्या, हे माझं काम. टेम्पोतून इथे उतरलो तेव्हा एप्रिल होता. ऊन पाहून वाटलं, आपल्याला शिक्षा म्हणूनच पाठवलं असावं. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि त्याच दिवशी कुणीतरी माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं.

करोनाच्या वर्षांत माझा थाट विचारू नका. मोठमोठे साहेब माझ्या दाराशी उभे राहून फोटो काढून घेत; दाराला हात मात्र रुमालातून लावत. साथ ओसरली, तसे फोटोही ओसरले. दाराचं रबर सैल झालं, त्यावर चिकटपट्टी आली.

माझ्या पोटात एक रीत होती. ज्या रोगाची वरून चौकशी होई, त्याच्या नळ्या वरच्या कप्प्यात, जिथे हात सहज पोचतो. ज्याची चौकशी कुणी करत नसे, त्याच्या तळाला, जिथे गुडघे टेकावे लागतात. पंगतीत कुणाला कुठे बसवलं यावरून त्याची पत कळते, तसं माझ्याकडे रोगाची पत कळे. फरक एवढाच, की पंगतीत शेवटच्यालाही वाढतात.

तळच्या कप्प्यात जिंतूरकडच्या एका तापाच्या नळ्या होत्या. दरवर्षी पोळा झाला की त्या येत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैल धुवायचे, जू ओढून दुखावलेल्या त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं, आणि कानामागचे, शेपटीखालचे गोचीड वेचून नखावर चिरडायचे. हा बैलाचा मान. मानाचं काम हातमोजे घालून कोण करतं? मग आठवड्याभरात काहींना ताप भरे, हिरड्यांतून रक्त येई, एखाददुसरा दगावे. दिवस पावसाळ्याचे, डासांचे. दाखल्यावर ‘डेंग्यूसदृश ताप’ लिहिलं की सगळे मोकळे.

डॉक्टर मंजुषा आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांना गोचिडांचा संशय होता, पण तो तपासायची सोय इथे नव्हती. मोठ्या प्रयोगशाळेत नळ्या पाठवायच्या तर मंजुरी लागे, आणि मंजुरी मिळे यादीतल्या रोगांना. म्हणून त्या नळ्या जपून ठेवत. त्यातली एक बन्सीधरची होती. सव्वीस वर्षांचा शेतकरी. मागच्या पोळ्यानंतर गेला.

त्याची आई बायनाबाई उन्हाळ्यात एस.टी.नं आली. माझ्या दाराकडे बोट दाखवून म्हणाली, “माझ्या बन्सीचं रगत ह्यातच हाय ना?”

“हो, मावशी. जपून ठेवलंय.”

“जपून काय करायलाव मॅडम? लोणचं हाय का ते? त्याला काय झालं व्हतं, तेवढं सांगा. आता धाकट्याची पाळी हाय. नागेशची.”

पाळी म्हणजे मानाची पाळी. त्या घरात खांदमळणी थोरल्या मुलानं करायची. थोरला गेला, म्हणजे नागेशनं.

“ते गोचिडानं झालं असंल तर मी त्याला गोठ्यात जाऊ द्यायची न्हाई,” बायनाबाई म्हणाली. “पण नुसतं माझ्या म्हणण्यानं कोण ऐकतंय? आमचे भावजी म्हणतेत, वैनीला पोराच्या दुःखानं भरम झालाय. तुमचा कागद पायजे.”

“पोळ्याच्या आत उत्तर मिळवायचा प्रयत्न करते,” मंजुषा म्हणाल्या. वचन दिलं नाही. डॉक्टरबाई खोटं बोलत नसत, एवढाच त्यांचा दोष.

मे महिन्यात बैठक ठरली. जिल्ह्यात कोणत्या घातक साथरोगांवर आधी संशोधन करायचं, हे ठरवणारी समिती. इमारतीत चालू एसी फक्त माझ्या खोलीत, तोही माझ्यासाठी. त्यामुळे समिती माझ्यासमोरच खुर्च्या टाकून बसली. खारे काजू आले. एकानं चहाचा कप माझ्या डोक्यावर ठेवला, हेल्मेटशेजारी.

लोकांच्या वतीनं समितीत एक सभासद होते, परमेश्वर. बैलांचे व्यापारी, आणि बायनाबाईचे तेच भावजी, म्हणजे नागेशचे सख्खे चुलते.

पद्धत सोपी होती. रोगानं किती माणसं मेली, किती गावांत पसरला, याचे गुण. जास्त गुण, वरचा नंबर. मंजुषांनी पोळ्यानंतरच्या तापाचा विषय काढला, तेव्हा अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, “नाव काय म्हणालात तापाचं?”

“नावच शोधायचंय, सर.”

“मग कोणत्या रकान्यात लिहू? आणि मृत्यू तर शून्य दिसतायत.”

“मृत्यू डेंग्यूसदृशमध्ये लिहिले गेलेत, सर. तपासलं नाही म्हणून शून्य. शून्य आहे म्हणून आता तपासायचं नाही?”

“मॅडम, भावनेवर गुण देता येत नाहीत.”

मंजुषा परमेश्वरकडे वळल्या. “तुम्ही तरी सांगा. तुमच्या घरातलाच मुलगा गेला.”

परमेश्वरनं काजू बशीत परत ठेवला. “त्याला डेंग्यू झाला व्हता. दाखल्यावर लिहिलंय. आन् एक सांगतो साहेब. गोचिडाचं नाव कागदावर आलं की पैल्यांदा बैलबाजार बंद. पोळ्याच्या तोंडावर बाजार बंद झाला, तर आमच्या भागातली माणसं तापाची वाट बगत बसायची न्हाईत. उपाशीच मरतील.”

माणूस लबाड नव्हता, मित्रांनो. बाजारावर खरंच शेकडो चुली चालत. पण त्यानं एका पारड्यात बाजार टाकला आणि दुसऱ्यात काय आहे ते वाकून पाहिलंच नाही.

तीन रोग निवडले गेले. तिन्ही टीव्हीवर दिसलेले. त्यांच्या नव्या नळ्यांना जागा हवी, म्हणून माझा तळचा कप्पा रिकामा करायचा ठराव हात वर करून मंजूर झाला. मंजुषांनी मुदत मागितली, मुदतीसाठी अर्ज केला, अर्जाची आठवण करणारा अर्जही केला. शेवटी नियमाप्रमाणे त्या नळ्या वाफेच्या भांड्यात उकळून टाकल्या गेल्या. जंतू मेले. उत्तरही मेलं. टीव्हीवरचे रोग त्या वर्षी जिल्ह्यात फिरकलेच नाहीत. तळचा कप्पा रिकामाच बर्फ धरत राहिला.

पोळा झाला. आठवडाही उलटला नव्हता, तोच परमेश्वर माझ्या खोलीच्या दारात उभा. नागेश दवाखान्यात होता. मंजुषा दुहेरी हातमोजे घालून त्याच्या रक्ताची नळी घेऊन आल्या.

“गोठ्यात गेला होता का तो?” त्यांनी विचारलं.

“वैनी लय आडवी पडली,” परमेश्वर म्हणाला. “मीच म्हणलं, कागदावर कुठं काय आलंय? थोरल्याचा मान धाकट्यानं न्हाई करायचा, तर मग काय गड्यानं करायचा?” मग खालच्या आवाजात, “मॅडम, ही नळी वरच्या कप्प्यात ठेवा. सगळ्यात वर.”

मंजुषांनी ती कुठल्याच कप्प्यात ठेवली नाही. एक छोटी नळी नियमापुरती माझ्याकडे ठेवून बाकी रक्त, कुणाच्याही मंजुरीची वाट न पाहता, बर्फाच्या डब्यात मोठ्या प्रयोगशाळेकडे रवाना केलं. आणि दवाखान्यात निरोप धाडला, की हा ताप रक्तातून दुसऱ्यालाही लागू शकतो, पोराला वेगळं ठेवा.

नागेश तिसऱ्या दिवशी गेला. उत्तर पाचव्या दिवशी आलं. गोचिडाचाच ताप होता. त्याला नाव होतं, पुस्तकात कधीचं होतं.

दहावं उरकून बायनाबाई आली. रडली नाही. परमेश्वर तिच्या मागे, भिंतीला धरून.

“नागेशला गोचिडानं नेलं,” ती म्हणाली. “आता थोरल्याचं सांगा. त्यालाबी तेच व्हतं का?”

“वाटतं तसं, मावशी. पण सिद्ध करता येणार नाही. त्याचं रक्त आता नाही.”

“का न्हाई? तुमी तर जपून ठेवलं व्हतं.”

मंजुषांनी परमेश्वरकडे पाहिलं नाही. तो स्वतःच बोलला, “वैनी, मी हात वर केला व्हता. जागा करायला.”

बायनाबाईनं मागे वळून त्याला पाहिलं. मग पदर सावरत म्हणाली, “मोटारसायकल काडा, भावजी. शेवटची गाडी गेली आसंल.” आणि ती त्याच्याच मागे बसून गेली, कारण गावाला जायला दुसरं साधन नव्हतं.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले काही जण अशाच खुर्च्यांवर बसतील. समोर काजू असतील, रकाने असतील, बेरीज अगदी बरोबर येईल. तेव्हा एक मागणं आहे. ज्या रोगापुढे शून्य दिसेल, त्याच्यापाशी थोडं थांबा आणि विचारा, हे शून्य मोजून आलंय, की न मोजता? आणि मोजलं नसेल, तर कप्पा रिकामा करू नका. मी थंडी देऊ शकतो, पण बाहेर काढून टाकलेलं माझ्याच्यानं जपवत नाही.