शून्य पॉइंट आठ व्होल्ट

वाजिद इंदापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होता, तोही कंत्राटी. दर जूनला नवी ऑर्डर मिळाली तर नोकरी. अकरा वर्षं बीकर धुता धुता तो बरंच शिकला होता. जस्ताची पट्टी एका द्रावणात, तांब्याची मोरचुदाच्या निळ्या पाण्यात, दोन्हींना जोडणारा क्षारसेतू, की झाला सेल. पुस्तकाप्रमाणे त्यातून एक पॉइंट एक व्होल्ट मिळायला हवेत.

त्या वर्षी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला क्षारसेतूचं रसायनच संपलेलं होतं. वाजिदने दिवाळीपासून तीनदा यादी दिली होती. विभागप्रमुख देवकाते सरांनी शेवटी कसंतरी भागव म्हणून सांगितलं. मग त्याने गाळणकागदाच्या पट्ट्या मिठाच्या पाण्यात भिजवून सेतू केले. त्या भराभर वाळायच्या. जुन्या व्होल्टमीटरचा काटा शून्य पॉइंट आठच्या पुढं जाईना.

मुलांचं काही अडलं नाही. काट्याकडं न बघताच त्यांनी एक पॉइंट एक लिहून टाकलं. बावडा गावची सुप्रिया मात्र अडून बसली. तिने जस्त पॉलिश पेपरने घासलं, कागद पुन्हा भिजवला, तीनदा जोडणी केली आणि वाजिदला बोलावून काटा दाखवला. आठच हाय, असं तो म्हणालाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचा पेपर हातात घेतला. सगळ्यांचं बरोबर, तुझंच वेगळं कसं, आकडा दुरुस्त कर, असं ते म्हणाले. ती म्हणाली, "सर, काटा तितंच थांबतोय. चाचांनी पण बघितलंय."

परीक्षकांनी वाजिदकडं पाहिलं. त्यांच्यामागं देवकाते सर उभे होते. बोललं तर कागदाच्या पट्ट्यांचा विषय निघणार, मग रसायनाच्या रिकाम्या बाटलीचा, सरांवर ठपका येणार, आणि जूनची ऑर्डर जाणार.

"मी न्हाय बघितलं, सर," वाजिद म्हणाला.

सुप्रियाने आकडा खोडला नाही. त्या प्रयोगाचे तिचे निम्मे गुण कापले गेले. बाकीच्यांना पूर्ण मिळाले. जूनमध्ये वाजिदला ऑर्डर मिळाली. ती हातात घेताना त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच किळस आली.

दोन वर्षांनी सुप्रिया त्याला बारामतीच्या स्टँडवर भेटली. गळ्यात एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्याचं ओळखपत्र होतं. तिनेच आधी ओळखलं, घरच्यांची विचारपूस केली. वाजिदने माफीचं बोलायला सुरुवात केली, तसं तिने त्याला थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या चाचा. मी तितं दुधाचं फॅट तपासते. पहिल्या महिन्यात खरे आकडे लिहिले, तर साहेबांनी बोलावून घेतलं. आता आधी विचारते, किती लिहू म्हणून."

इंदापूरची एसटी लागली. तिनेच त्याची पिशवी उचलली आणि दारापर्यंत आणून दिली.