सत्यभामाबाईंची बाज

मित्रांनो, तुम्ही मला पाहाल तर म्हणाल, ही एक साधी बाज आहे. ते खरेच आहे. बाभळीचे चार खूर, चार दांड्या आणि त्यांवर विणलेली अंबाडीची सुतळी, एवढेच माझे अंग. पण माझ्यावरून एकदा एका घरात बाप-लेकीचे बोलणे तुटले होते आणि मला होळीत घालायचे ठरले होते. ते तुम्हाला सांगते.

मेहकरजवळच्या एका खेड्यात माझा जन्म झाला. तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि सरकारचे हुकूम नागपुराहून येत. पंजाबराव नावाच्या शेतकऱ्याचे लग्न नुकतेच झाले होते. गावच्या सुताराने माझे खूर तासले. अंबाडी घरच्या शेतातली होती. पंजाबरावांनी ती नाल्यात भिजत घातली आणि सोलली. सुतळी मात्र त्यांच्या बायकोने, सत्यभामाबाईंनी वळली. नव्या सुतळीची कुसे टोचतात म्हणून पहिल्या दिवशी माझ्यावर कोणी बसेना. सत्यभामाबाई गोधडी टाकून स्वतःच आधी बसल्या.

त्यांची मुलगी पुष्पा झाली तेव्हा बाळ-बाळंतीण माझ्यावरच निजत. खाली शेगडी ठेवलेली असे. तिचे काळे डाग माझ्या एका दांडीवर अजून आहेत. उन्हाळ्यात माझ्यावर कुरड्या आणि मिरच्या वाळत. पाहुणे आले की आधी मला बाहेर काढत.

वर्षातले माझे सगळ्यांत आवडते दोन दिवस फाल्गुनात येत. होळीच्या सुमाराला एका शनिवारी घरचे सगळे मिळून अंगणाचे काम काढत. कडुनिंबाचा पाला झाडायचा, कुंपणाला बोरीच्या काट्यांची नवी बोराटी लावायची, अंगण खणून, चोपून, शेणाने सारवायचे. दुसऱ्या दिवशी रविवारी मित्रांची भेट. एका वर्षी हे लोक बैलगाडीने मेहकरला जात, दुसऱ्या वर्षी तिकडचे इकडे येत. ते मित्र म्हणजे मेहबूबभाई पिंजारी आणि त्यांची बायको नूरजहां. मेहबूबभाई कापूस पिंजून गाद्या भरत.

"वयनी," ते माझ्यावर ऐसपैस बसून म्हणत, "बाज झकास हाय, पण वर एक गादी पाह्यजे. माहं बी पोट भरन."

"गादी टाकली तं तुमी उठसान काय मंग?" सत्यभामाबाई विचारत. "आताच तं संध्याकाळ करता."

पुढे पुष्पाचे लग्न होऊन ती उंद्रीला गेली. एका पौषात सत्यभामाबाईंना ताप आला तो उतरलाच नाही.

मित्रांनो, आमच्याकडे एक रीत आहे. माणसाचे शेवटचे श्वास सुरू झाले की त्याला बाजेवरून खाली, जमिनीवर घेतात. बाजेवर जीव गेला तर तो तिथेच गुंतून राहतो, असे म्हणतात. त्या पहाटे शेजारी म्हणाले, "पंजाबराव, आता खाली घ्या." पुष्पाही आलेली होती. तीही म्हणाली. पंजाबराव माझी दांडी धरून बसून राहिले. त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. सत्यभामाबाई माझ्यावरच गेल्या.

मला घरात ठेवायचे नाही, असे पंजाबरावांच्या मोठ्या बहिणीने, मनकर्णाबाईंनी सांगितले. पंजाबरावांनी मला खांद्यावर घेतले आणि मसणवाटेकडे नेले. सगळ्या गावाने ते पाहिले. पण ते नाल्यातून वळून मागच्या बाजूने घरी आले आणि त्यांनी मला गोठ्यामागे पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगाआड उभे करून ठेवले. तिथे मी थंडीभर उभी होते. कधी कधी ते पऱ्हाट्या काढायला यायचे आणि न काढताच जायचे.

फाल्गुनातला शनिवार आला. या वर्षी घरात दुःख म्हणून सण नव्हता, पण अंगण तसेच ठेवून चालत नाही. पुष्पा उंद्रीहून आली, मनकर्णाबाईही आल्या. त्या पहाटेपासून पुष्पा बापाशी कामापुरतेच बोलत होती. दुपारी तिने ढीग हलवायला घेतला आणि मी उघडी पडले.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी तं ही मसनात टाकली होती न?"

पंजाबराव खराटा हातात घेऊन उभे राहिले.

मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवून आल्या. "काऊन बे पंजाब, मोठ्या बहिणीले फसवतं? अन मी गावभर सांगून राह्यली का माह्या भावानं समदं रीतीनं केलं. सत्यभामाचा जीव हिच्यात गुतून हाय. उद्या होळी हाय. घाल होळीत. मोकळी होऊ दे तिले."

"घालाच, आत्या," पुष्पा म्हणाली. "जाताना खाली घेतलं नाही. आता तरी सुटू द्या माह्या मायले."

पंजाबरावांनी मला ओढून कुंपणाजवळ ठेवले.

रविवारी मेहबूबभाई आणि नूरजहां आले. अंगण ओले होते. नूरजहांने इकडेतिकडे पाहिले आणि ती सरळ येऊन माझ्यावर बसली.

"उठ व माय," मनकर्णाबाई घाईने म्हणाल्या, "तिच्यावर सत्यभामा गेली."

"म्हणून तं बसली," नूरजहां म्हणाली. "मी तिच्यापाशीच बसाले आली न. आमच्यात समदे खाटेवरच जातेत, बाई. तुमच्यावानी जाळल्या असत्या तं आमच्या घरी एक बी खाट उरली नसती."

"चुप बस," मेहबूबभाई म्हणाले. मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटते त्या हसल्या.

मग नूरजहांने, थंडीभर कोणी विचारले नव्हते ते विचारले. "भाऊ, वयनीले खाली काऊन नाही घेतलं?"

पंजाबरावांनी जमिनीवर हात टेकला.

"जमीन गार होती," ते म्हणाले. "तिले हिव वाजत होतं. म्हटलं, ऊन ओसरीवर येऊ दे. जमीन जराशी तपली का घेतो. ऊन यायच्या आधीच गेली."

पुष्पा शेणाची बादली घेऊन उभी होती. तिने ती खाली ठेवली.

"हे मले काऊन नाही सांगतलं, बाबा?"

"तू इचारलंच नाही. तू म्हटलं, घेतलं नाही. मी घेतलं नव्हतंच."

पुष्पा बापाजवळ ओल्या अंगणातच बसली. थोड्या वेळाने मनकर्णाबाई माझ्याकडे पाहत हळू म्हणाल्या, "लाकूड राहू दे बाप्पा. पण सुतळी तरी जाळ. तेवढं माह्यासाठी कर." मोठ्या बहिणीचे एवढे तरी ऐकायचे म्हणून पंजाबरावांनी मान हलवली. पुष्पाने विळ्याने सुतळी कापली आणि तिचा भारा संध्याकाळी होळीत गेला.

मित्रांनो, मी वाचले म्हणून मला आनंद झाला असेल, असे तुम्हाला वाटेल. तसा झाला नाही. ती सुतळी सत्यभामाबाईंच्या हातची होती. इतक्या वर्षांच्या निजण्याने तिला मध्ये खोलगट जागा पडली होती. ती जागा गेली. माझ्याजवळ आता नुसती लाकडे राहिली.

पुष्पा दुसऱ्या दिवशी परत जायची होती, ती थांबली. बाप-लेकीने नवी सुतळी आणून मला विणले. ती पायथ्याशी बसली होती.

"माय इतकंच ओढे काय?" तिने विचारले.

"तुह्या मायचा हात जड होता," पंजाबराव म्हणाले. "अजून ओढ."

आता मी ओसरीवर असते. पंजाबराव दुपारी माझ्यावर पडतात. नवी सुतळी लवकर सैल होते. पायथ्याची दोरी ताणायला एकाने ओढायचे आणि दुसऱ्याने धरून ठेवायचे असते. पंजाबराव एकदा ओढून पाहतात, मग सोडून देतात. पुष्पा येईपर्यंत ते सैल बाजेवरच निजतात.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात कोणी गप्प बसलेले असेल, तर त्याच्यापाशी बसा आणि त्याला विचारा. आणि घरची बाज सैल झाली असेल, तर ती आजच ताणून घ्या. घरात दोघे आहेत तोवर हे काम सोपे असते.