मागच्या बाजूची खोली

पडदा सरकवला आणि समोर भिंत आली.

हात लांब केला असता तर बोटं टेकली असती इतकी जवळ. शेजारच्या इमारतीची मागची बाजू. तिच्यावरून सांडपाण्याचे पाइप खाली गेलेले आणि खालच्या मुदपाकखान्याचा पंखा तळणाचा वास वर फेकत होता.

"हे तळं?" तो म्हणाला.

"काय हो?" बायकोने पलंगावरून विचारलं.

"तळ्याकाठची खोली म्हणाली होती ना तुझी लेक? फोटो पाठवला होता. खिडकीभर पाणी, पाण्यात डोंगर. कुठंय डोंगर?"

"असू दे हो. झोपायचंच तर आहे. लावा ती खिडकी, वास येतोय."

त्याने खिडकी लावली आणि कडी दोनदा ओढून पाहिली. मग त्याने गादीचं टोक उचलून खाली पाहिलं, आरशामागे बोटांनी टकटक केली, न्हाणीघरातला नळ सोडला आणि बंद केला. हे त्याचं नेहमीचंच होतं. पंप बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून त्याचा जन्म गेला होता. मोडका नट आणून दाखवल्याशिवाय त्याने कुणाला नवा दिला नाही. मोडका आणला, तरी तो मुद्दाम मोडलाय का हे उजेडाला धरून पाहायचा. कारखान्यात त्याला सगळे 'खातरजमा' म्हणत. समोर म्हणत नसत, पण त्याला ठाऊक होतं, आणि मनातून ते नाव त्याला आवडायचंही. निवृत्त झाल्यावर स्टोअर सुटलं. सवय घरी आली.

पण आज त्याला खटकत होतं ते खोलीपेक्षाही बायकोचं 'असू दे'. हीच बाई एके काळी बसमध्ये खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून तासभर गाल फुगवून बसायची. आयुष्यभर कुठं नेलं नाहीत, म्हणून ऐकवायची. आणि आज, लेकीने हट्टाने पाठवलेल्या या सहलीत, भिंतीसमोर बसून म्हणते, असू दे.

"मी खाली जाऊन येतो," तो म्हणाला.

"कशाला? भांडू नका हो. माझं ऐका, जाऊच नका."

तिने हे जरा जास्तच घाईने म्हटलं. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

काउंटरवरचा माणूस तरुण होता आणि फारच गोड हसत होता. असं हसणाऱ्याला स्टोअरच्या खिडकीवर त्याने कधी पहिल्या फेरीत माल दिला नव्हता.

"तळ्याकडच्या खोल्यांचं काम चाललंय साहेब. रंगकाम. फार वास येतो."

"आम्हाला कुणी कळवलं नाही ते?"

"अचानक निघालं ना साहेब."

"रंगकाम अचानक निघतं? गळती अचानक निघते. रंगकाम ठरवून काढतात."

तरुण हसला, पण या वेळी हसू नीट बसलं नाही. त्याने टेबलावरची पेनं सारखी केली. खातरजमा तेवढ्यावरच जिन्याकडे वळला आणि आपला मजला सोडून आणखी वर गेला.

वर रंगाचा वास नव्हता. बादली नव्हती, शिडी नव्हती, जमिनीवर एक थेंब नव्हता. पुढच्या बाजूच्या एका खोलीचं दार उघडं होतं आणि साफसफाई करणारी बाई उशांना अभ्रे घालत होती. तिच्या पाठीमागे खिडकीभर तळं पसरलं होतं. फोटोत होतं तसंच, डोंगरासकट.

"मावशी, इथे कसलं काम चाललंय?"

"काम? माझंच चाललंय की." ती हसली. "काल नीट लावून ठेवली होती ही खोली, कोण जोडपं यायचं होतं म्हणून. आता म्हणतात दुसऱ्याला द्यायची. पुन्हा झाडा, पुन्हा पुसा."

तो तसाच खाली आला. आपलं बरोबर निघालं की त्याला एक थंड समाधान मिळायचं, ते आत्ता त्याच्या छातीत बसलं होतं.

"मालकाला बोलवा," तो काउंटरवर म्हणाला. "वर जाऊन आलोय मी. रंगाचा ठिपका दाखवा, मी माफी मागतो."

तरुणाने इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"साहेब, मालकांना नका सांगू. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या, पण... काल बाईंचा फोन आला होता."

"कोण बाई?"

"तुमच्या मिसेस. म्हणाल्या, तळ्याकडची नको, मागची कुठलीही द्या. आणि साहेबांनी विचारलं तर काम चाललंय म्हणून सांगा. मी म्हटलं, आजी, मागे तर भिंत आहे. तर म्हणाल्या, भिंतच हवी."

त्याचा पहिला विचार, हा खोटं बोलतोय. दुसरा विचार, हा खरं बोलतोय. दुसरा जास्त वाईट होता.

जिना चढताना तो मध्येच थांबला. गेल्या काही महिन्यांचं सगळं एकापाठोपाठ एक वर यायला लागलं. पेपर वाचणं तिने सोडलं होतं. 'काय असतं त्यात' म्हणायची. दुपारची लेकीबरोबर बाहेर जायची आणि कुठे गेला होतात विचारलं की दोघी वेगवेगळं सांगायच्या. लेकीशी फोनवर हळू बोलायची, तो आला की विषय बदलायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती त्याच्याकडे बघेनाशी झाली होती. बोलायला लागली की नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे. इतकी वर्षं माणसांची तोंडं पाहून माल देणाऱ्याला याचा अर्थ कुणी सांगायला नको होता. नजर चुकवणारं माणूस काहीतरी लपवत असतं.

काय लपवतेय? घराबद्दल काही? लेकीने आणि हिने मिळून आपल्याबद्दल काही ठरवलंय? की या गावात कुणी ओळखीचं आहे आणि आपण पुढच्या बाजूला दिसायला नकोय? शेवटच्या विचाराची त्याला लाज वाटली, पण विचार गेला नाही.

त्याने दार न वाजवता उघडलं आणि आत उभा राहिला. बोलला मुद्दामच नाही. समोरचा माणूस गप्प राहिला की चोर आपणहून बोलायला लागतो, हा त्याचा जुना अनुभव.

ती पलंगाच्या कडेला बसली होती. दिवा लागलेला होता. तिने मान वर केली, त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "कोण?"

तो उभाच.

"कोण आहे? खोली चुकलात का?" तिचा हात पलंगावर ठेवलेल्या पर्सकडे गेला. आवाज बदलला. "अहो, तुम्हीच ना? काहीतरी बोला की."

त्याने दार मागे लोटलं.

"मीच आहे," तो म्हणाला.

"मग बोलायला काय झालं होतं?"

तो येऊन तिच्यासमोर खुर्चीवर बसला. खाली पंखा घरघरत होता.

"फोन तू केला होतास."

"सांगितलं वाटतं त्याने." तिने सुस्कारा सोडला. "मला वाटलंच होतं. तुमच्यापुढे कोण टिकलंय."

"काय झालंय तुला?"

"दोन्ही डोळ्यांचे पडदे झिजलेत. मधोमध. कडेचं दिसतं, समोरचंच दिसत नाही. आता या खुर्चीत तुमचे कान दिसतायत मला, तोंड नाही. तोंडाच्या जागी धुरकट डाग. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येत नाही. राहिलंय ते जपा."

"आणि हे लेकीला ठाऊक."

"तीच नेते मला. म्हणून तर तळं तळं करत होती. आई, दिसतंय तोवर एकदा बघून ये म्हणाली." ती थोडं हसली. "तिच्या कुठं ध्यानात आलं, बरोबर कोण येणार ते."

"म्हणजे?"

"तुम्ही खिडकीत उभे राहिला असता. ती होडी दिसली का? त्या होडीत बाई आहे की पुरुष? तो पक्षी कुठला, सांग बरं. तुम्ही कधी नुसतं बघू दिलंत का मला काही? सारखी परीक्षा. दोन प्रश्नांत पकडली असतीत." तिने खिडकीकडे हात केला. "भिंतीचं बरं. ती सगळ्यांना सारखीच दिसते."

"पण मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला स्टोअरमध्ये जमा करून घेतलं असतं. गॅसला हात लावू नको, जिना उतरू नको, एकटी जाऊ नको. किल्ली तुमच्या कमरेला. अहो, मला अजून सगळं करता येतं. भाजी चिरते, हिशेबाने पाऊल टाकते. इतके महिने तुम्हाला, तुम्हाला हो, कळलं नाही, म्हणजे काहीतरी येतच असेल ना?"

तो हळूच म्हणाला, "मला वाटायचं, तू नजर चुकवतेस."

"चुकवत नव्हते." तिने मान किंचित वळवली आणि त्याच्या खांद्यापलीकडे, कपाटाकडे पाहिलं. "असं केलं की तुम्ही दिसता. आता दिसताय. दाढी केली नाहीत आज."

त्याने गालावरून हात फिरवला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तसाच बसला. तिने तेही पाहिलं, कपाटाकडे बघत.

ऊन कलल्यावर तीच म्हणाली, "आलोच आहोत तर पाण्यापाशी जाऊ या. खिडकी नको. खाली."

तळ्याला दगडी पायऱ्या होत्या, झिजलेल्या, कुठे उंच कुठे ठेंगण्या. पहिल्याच पायरीवर त्याचा हात तिच्या कोपराकडे गेला.

"नको," ती म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. ती पायाने कड चाचपून एकेक पायरी उतरू लागली. एका ठिकाणी पाऊल डगमगलं. त्याच्या ओठांवर 'अगं' आलं, ते त्याने गिळलं. ती सावरली आणि पुढे गेली. तो एक पायरी मागे राहून उतरत होता आणि पाण्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

खाली होडीवाला बसला होता. "साहेब, फेरी मारायची का? ऊन उतरलंय, पाणी शांत आहे."

एरवी त्याने आधी होडीचा तळ पाहिला असता, वल्ही पाहिली असती, पोहता येतं का विचारलं असतं.

"बाईंना विचारा," तो म्हणाला.

होडीवाला तिच्याकडे वळला. तिने आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "गळत नाही ना हो तुमची होडी?"

"नाही हो आजी."

"मग चला."

होडीवाल्याने हात पुढे केला, सगळ्यांना करतो तसा, आणि तिने तो सहज धरला. ती मागच्या फळीवर बसली, साडीचा घोळ सावरून. तो चढला आणि सवयीने तिच्या समोरच्या फळीवर बसायला वाकला. मग थबकला. होडीच्या कडेला धरत धरत तो तिच्या बाजूला गेला आणि जरा तिरका, अंतर ठेवून बसला.

ती डोंगराकडे बघत होती. होडीवाल्याने काठ ढकलला. समोरची फळी रिकामीच राहिली.