पाहिल्याची तारीख

आमच्या कोशाचा नियम एकच होता आणि तो मला मनापासून पटत असे. जे छापायचं, त्याचा आधार दोन सभासदांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांचा हा कोश. आम्ही नऊ-दहा जण, सगळे बिनपगारी, नोंदी वाटून घेऊन लिहायचो. आठवणींना काशीत काय तोटा! ज्याचे त्याचे पणजोबा पेशव्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेले. असल्या कितीतरी पणजोबांना मी या नियमाने पंगतीतून उठवलं होतं आणि त्यांच्या पणतवंडांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या.

मग पाळी आली माझ्या आत्याची.

कालिंदीआत्या तेव्हा, म्हणजे नव्व्याण्णव साली, चौऱ्याहत्तरची होती. सोळाव्या वर्षी मुलींच्या शर्यतीत ती पलीकडच्या रेतीवरून निघून सगळी गंगा पोहून राजा घाटाला पहिली लागली, असं ती जन्मभर सांगत आली आणि जन्मभर कोणी ते खरं मानलं नाही. माझे वडील, तिचे सख्खे भाऊ, तोंडावर म्हणायचे, "आपल्या घरातल्या पोरी कमरेच्या वर पाण्यात गेल्या नाहीत. थापा मारते." माहेरी आली की भाचरंडं ओरडायची, "पट्टीची पोहणारी आली, बादल्या सरकवा!" त्यात मीही होते.

कोश सुरू झाला तेव्हा ती म्हणाली, "सुनीती, फक्त एक ओळ. नाव, साल आणि गंगा पार केली. बस. मरायच्या आधी छापलेली बघू दे."

"आधार आण," मी म्हटलं. नात्यागोत्याचा मुलाहिजा ठेवला असता तर कोश कधीच बुडाला असता.

आधार सापडला तो मलाच. अस्सी घाटाकडे मुकुल नावाच्या तरुणाने पहिल्या मजल्यावर इंटरनेटचं दुकान काढलं होतं. तिथे मी भलतंच काही शोधत होते. कॅनडातल्या कुणी आपल्या आजीचा अल्बम एका फुकटच्या साइटवर चढवला होता. आजी बनारसला मिशनच्या शाळेत शिकवायची. फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरत होता. आधी आकाश, मग ओले केस, मग कपाळ. मग नाक उतरलं आणि मी खुर्चीवरून उठलेच. ते नाक आमच्या घरात सगळ्यांना आहे, मलाही आहे. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, पोहण्याच्या शर्यतीतली विजेती, बनारस, १९४१. नाव नव्हतं. मला रडूच आलं. मुकुलला वाटलं, शॉक बसला.

मी ते पान फ्लॉपीवर उतरवून घेतलं. पत्ता लिहून घेतला, पुढे पाहिल्याची तारीख घातली. इंटरनेटच्या आधाराला एवढं हवंच, असं आम्ही ठरवलं होतं. पण मी पडले भाची, आणि फोटोखाली नाव नाही. दुसरा सभासद तिचा चेहरा ओळखणाराच हवा होता. आत्याला त्या वयात पाहिलेला आमच्यात एकच माणूस होता, आमच्या गल्लीतले याज्ञिक बिंदुमाधवकाका.

काका म्हणाले, "अगं, पितृपक्ष सुरू झालाय. यात कोणी नवं काही आरंभतं का? आणि सकाळपासून घाटावर यजमानांची रांग, मला मरायची फुरसत नाही. अमावास्या होऊ दे. तो कंप्यूटर काय कुठे भागा जा रहा है?"

मी चिडले, पण मनाशी म्हटलं, अठ्ठावन्न वर्षं थांबलेली गोष्ट पंधरवडाभर थांबेल. आत्याचे गुडघेही धड नव्हते, तेव्हा दोघांना एकदमच न्यावं. आत्याला सांगितलं तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "काही सांगू नकोस. कशी दिसते ते मीच बघेन."

घटस्थापनेला गेलो. कोश दसऱ्यानंतर छापखान्यात जायचा होता. आत्या जरीची साडी नेसली होती. जिना चढायला तिला फार वेळ लागला, पण दम लागलेला असताना ती हसत होती.

पान उघडेना. असं पान नाही, एवढंच इंग्रजीत पुन्हा पुन्हा येत राहिलं. मुकुलने खूप खटपट केली. शेवटी म्हणाला, "दीदी, फ्री वाली साइट थी, पूरी की पूरी बंद हो गई." कॅनडावाल्याला मेल टाकली, ती तिथल्या तिथे परत आली.

"फ्लॉपी आहे माझ्याकडे," मी म्हटलं.

फ्लॉपी उघडली. मजकूर शब्दन्‌शब्द होता. फोटोच्या खालची ओळ होती. फोटोच्या जागी रिकामा चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यात बारीकशी लाल फुली.

"पेज सेव करने से फोटो थोड़े ही आता है," मुकुल म्हणाला. "फोटो अलग से लेना पड़ता है." हे मला ठाऊक नव्हतं.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "सुनीती, इथे तर काहीच नाही गं."

"होतं, काका."

"असेल. पण मी पाहिलं, असं कसं लिहू?"

त्यांच्यावर रागावू तरी कशी? त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

"बिंदू," आत्या म्हणाली, "तू तेव्हा इथेच होतास ना रे?"

"पाठशाळेत होतो. घाटावरचा गलका ऐकला होता, पण गुरुजींनी बाहेर सोडलं नाही." काकांचा आवाज बारीक झाला. "नुसतं ऐकलेलं आपण लिहीत नाही, कालिंदी."

आत्या त्या चौकोनाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "पण तू पाहिलंयस ना? आता सांग मला. हसत होते का मी?"

मी आठवू लागले. केस आठवले, नाक आठवलं, खालची ओळ आठवली, पत्ता तर तोंडपाठ होता. चेहऱ्यावर काय होतं ते काही केल्या आठवेना. मी आधार पाहिला होता, तिच्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. शर्यत जिंकलेली सोळा वर्षांची पोर आणखी काय करणार?

"हो आत्या," मी म्हटलं. "छान हसत होतीस. अगदी दात दिसत होते."

तिचा चेहरा उतरला.

"मग ती मी नव्हे," ती म्हणाली. "तुझे आजोबा काठी घेऊन पायऱ्या उतरत होते. मेमने फोटो काढला तेव्हा मी रडत होते."

"आत्या, थांब, मला नीटसं..."

"राहू दे. असेल दुसरी कोणी." तिने पदर सारखा केला. "बिंदूने सही केली नाही तेच बरं झालं. चुकीचं छापलं गेलं असतं."

काकांचा हात धरून ती उठली. मी मागून जाऊन तिला थांबवायला हवं होतं. खोटं बोलले म्हणून सांगायचं, तर खरं काय होतं ते सांगता यायला हवं. ते मला येत नव्हतं.