सहा फरश्या आत

मी पहिलीच्या वर्गातला एक बाक बोलतोय. एरवी माझा स्वभाव बोलका नाही. लोक बसतात, उठतात, मी ऐकून घेतो. पण या शाळेत नवा आलो तेव्हा पहिले काही दिवस एका काळजीने मला झोप लागली नव्हती. आपण मोडलो तर? एखादं लहान मूल बसलेलं असतानाच मोडलो तर? लाकडाला कसली आलीय झोप, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. काळजीला मात्र लाकूडही चालतं.

कारण मी काही जन्मापासून बाक नाही. वीस वर्षं मी दुसऱ्याच एका शाळेच्या छपराचा वासा होतो. एका वादळात ते छप्पर पत्र्यांसकट उडालं आणि मी पलीकडच्या मैदानात जाऊन पडलो. शाळा सुटलेली होती म्हणून कुणाला लागलं नाही. पण ज्याच्या भरवशावर छप्पर होतं त्यानेच ऐन वेळी हात सोडला, हे मी विसरायचं कसं?

त्या शाळेच्या मदतीला तेव्हा एक लांबची शाळा धावून आली. त्यांनी पत्रे दिले, खिळे दिले आणि आठ दिवस राबायला चांगले वीसेक आईबाप पाठवले. नवं छप्पर लोखंडी झालं. उरलेले वासे सुतारकामाच्या सरांनी जळणात जाऊ दिले नाहीत. मुलं या सरांना रंधा सर म्हणायची. ते म्हणाले, "आपल्याला कुणीतरी उभं केलं. पुढच्याला आपण करायचं. आणि यात भाषण करण्यासारखं काही नाही, करवती आणा."

तेव्हापासून त्या शाळेत रीतच पडली. कुठे पूर आला, कुठे डोंगर खचला, की शनिवारी दुपारी पालक शाळेच्या पडवीत जमायचे. ज्याला जे येतं ते त्याने करायचं आणि ज्याला काहीच येत नाही त्याने पॉलिश पेपरने लाकूड घासायचं. बँकेत काम करणाऱ्या एका आईने मला घासलं. तिच्या तळहाताला फोड आले, तर ती ते आठवडाभर सगळ्यांना दाखवत हिंडली.

अशा शनिवारांतून मी बाक झालो. माझ्याबरोबर आणखी नऊ झाले. इथे, या गावात, भूकंपात प्राथमिक शाळा पडली होती. तिच्या दोन खोल्या त्याच पालकांनी सुट्टीत येऊन गावकऱ्यांबरोबर बांधल्या, आणि खोल्यांसाठी आम्ही. सगळं कसं झोकात चाललं होतं. फक्त एक चूक झाली. माप घ्यायला समोर पाचवीचा वर्ग होता, म्हणून पाचवीची मुलं बसवून माप घेतलं. पडलेली शाळा पहिली-दुसरीची आहे, हे तीन इंजिनिअर बाप आणि एक शिंपी मावशी मिळून कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिल्या दिवशी इथे वीस मुलं आमच्यावर बसली आणि चाळीस पाय हवेत लोंबकळायला लागले. वर्गाच्या बाईंनी फोन लावला.

"सर, बाक फार सुंदर झालेत. फक्त आमची मुलं अजून तेवढी व्हायची आहेत."

पलीकडे चाललेली करवत थांबली. मग रंधा सर म्हणाले, "बाई, रविवारी येतो. तोवर कुणाला सांगू नका."

रविवारी ते करवत घेऊन आले आणि दहाही बाकांचे पाय आठ आठ बोटं कापले. मला वाटलं, आता तर मी नक्की डगमगणार. पण सरांनी चारही पायांवर हात दाबून पाहिला, स्वतः बसून पाहिलं, आणि पुढच्या बाकाकडे गेले. माझ्याबद्दल इतक्या कमी शब्दांत कुणी खात्री दिली नव्हती.

वर्गात त्या पहिल्या दिवशीही एक मुलगी आत आली नव्हती. तिला बाई खारूताई म्हणतात, कारण ती कुठेही बसली तरी अगदी कडेला बसते, केव्हाही पळायच्या तयारीत. भूकंप झाला तेव्हा जुन्या वर्गात ती एकटीच होती. शाळा भरायला अजून पंधरा मिनिटं होती. पाठीमागची भिंत पडली. ती धुळीने पांढरी होऊन चालत बाहेर आली, कोपरावर नुसतं खरचटलेलं.

त्यानंतर तिने वर्गाच्या दारात पाऊल टाकलं नाही. घरात जायची, दुकानात जायची. वर्गात नाही.

तिची आई तिला घेऊन रोज यायची आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसायची. औषधांच्या दुकानात तिची नोकरी. मालकाने महिनाअखेरपर्यंत रजा दिली होती, पुढे दुसरी मुलगी बघतो म्हणाला होता. शाळा झाडणाऱ्या मावशींनी एकदा तिला विचारलं, "काय हो, पहिलीत नाव लेकीचं घातलंय का तुमचं?"

आई हसली. मग एकदम म्हणाली, "मावशी, उशीर होईल म्हणून मीच तिला त्या दिवशी लवकर सोडलं होतं. आयुष्यात एकदाच वेळेच्या आधी पोचले मी."

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "भूकंप काय तुम्ही आणलात?"

"नाही. पण बाकी सगळं मीच केलं."

बाईंनी यावर एक युक्ती काढली. माझे पाय कापून झाल्यावर त्यांनी मला उचलून दाराबाहेर ठेवलं आणि आईला म्हणाल्या, "तुम्ही दोघी यावर बसा. रोज शाळा सुटली की आपण बाक एक फरशी आत सरकवू. दारापासून रांगेपर्यंत सहा फरश्या आहेत. घाई नाही."

खारूताई आईच्या मांडीवर बसली आणि आधी वाकून आईचे पाय कुठे आहेत ते बघितलं. आईचे पाय जमिनीला टेकले होते. मग ती खाली उतरून माझ्या कडेला स्वतः बसली, आपले दोन्ही पाय जमिनीवर दाबून पाहिले आणि म्हणाली, "इथून पळता येतं." रंधा सरांची चूक दुरुस्त झाली नसती, तर हे वाक्य मला ऐकायलाच मिळालं नसतं. त्यानंतर ती परत मांडीवर गेली.

पहिली फरशी झाली. दुसरी झाली. आम्ही आत आलो, दार मागे पडलं. तिसऱ्या फरशीवर तिने वही काढली. चौथीवर ती मागच्या मुलाला खोडरबर देऊ लागली. मीही हळूहळू काळजी विसरत चाललो होतो.

आणि काल रस्त्यावरून खडीचा ट्रक गेला. मोठा, भरलेला. खिडकीची काच थरारली आणि माझे पाय फरशीवर किंचित वाजले. बाकीची मुलं ट्रक बघायला मान वळवतायत तोवर आईने लेकीला कमरेत धरून उचललं आणि तिला घेऊन पळाली. व्हरांडा, पायऱ्या, मैदान. आईची एक चप्पल वर्गातच राहिली. मैदानाच्या मध्यावर ती थांबली, तेव्हा ट्रक वळणापलीकडे गेलेला होता आणि वीस मुलं खिडकीतून तिच्याकडे बघत होती.

बाई चप्पल घेऊन गेल्या. आई म्हणाली, "बाई, बाक परत बाहेर ठेवा. माझ्यामुळे चार दिवस वाया गेले."

"वाया नाही गेले."

"महिना संपायला पाच दिवस आहेत, बाई. आणि आम्ही परत दारात. मी आई म्हणून नापास आहे, तुम्ही लिहून टाका."

बाईंनी काही लिहिलं नाही.

माझं आत्तापर्यंतचं आयुष्य एवढंच. पुढे किती मुलं माझ्यावर बसतील, मी कधी मोडेन, ते मला माहीत नाही, आणि त्याची काळजी आता पूर्वीइतकी वाटत नाही. तुम्ही कुठल्या पडलेल्या शाळेसाठी काही बनवत असाल, तर आधी तिथे फोन करा आणि मुलं केवढी आहेत ते विचारा. चुकलंच, तर रविवारी करवत घेऊन या. माझं मागणं इतकंच आहे.

आज सकाळी शाळा भरायच्या आधी बाई आणि मावशींनी मला बाहेर न्यायला उचललं. मी जेमतेम वर झालो होतो, तेवढ्यात खारूताई आली आणि माझ्यावर धप्पकन बसली. दोघींना मला खाली ठेवावंच लागलं, चौथ्या फरशीवर.

"ऊठ गं," आई दारातून म्हणाली. "आज आपण बाहेर बसू."

ती उठली नाही. दप्तर मांडीवर ठेवून बसून राहिली.

आई आत आली, तिच्यासमोर उकिडवी बसली. "तुला भीती नाही वाटत इथे?"

"वाटते."

"मग?"

खारूताईने वही उघडून कालचं पान तिच्यापुढे धरलं. "आई, तू मला धरतेस ना, तेव्हा तूच हलतेस. बघ, माझं अक्षर कसं वाकडं आलंय. आज मी एकटी बसू?"