माझं नाव शाईत आहे

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. भंगार मात्र म्हणायचं नाही. मी पुण्यातल्या विश्रांतवाडीतल्या एका घरच्या संगणकाचा मदरबोर्ड आहे. संगणकाचा प्रत्येक भाग माझ्यावर बसतो आणि माझ्यामार्फतच दुसऱ्याशी बोलतो. एवढं करूनही मी कोणाला दिसत नाही, कारण मी पत्र्याच्या डब्यात बंद असतो.

सहा वर्षांपूर्वी अकरावीतली आम्रपाली वडिलांबरोबर, म्हणजे संजयरावांबरोबर, तापकीर गल्लीतल्या आमच्या दुकानात आली. तिला गेम खेळता येईल असा संगणक हवा होता आणि सगळं एकदम घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून तिने वहीत यादी करून आणली होती. जे कायम राहणार ते शाईने, जे पुढे बदलायचं ते पेन्सिलीने. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि डबा शाईत होते. प्रोसेसर आणि मेमरी पेन्सिलीत. ग्राफिक्स कार्डापुढे नुसतंच ‘नंतर’ लिहिलेलं होतं.

बरोबर तिचा चुलतभाऊ प्रज्ञेश होता. तो खराडीतल्या आयटी कंपनीत नोकरीला असल्यामुळे त्याला संगणकातलं सगळं कळतं असा घरात समज होता, आणि तो समज त्याने कधी मोडू दिला नाही. त्याला माझ्या शेजारचा रंगीत दिव्यांचा बोर्ड आवडला. त्यावर मेमरीच्या जागा दोनच होत्या. माझ्यावर चार होत्या, आणि पुढे येणारे प्रोसेसरही बसले असते. पण माझ्या निम्म्या जागा रिकाम्याच राहणार, असं म्हणून त्याने नाक मुरडलं. दुकानाच्या मालकीणबाई श्यामलाताई बिलातून मान वर न काढता म्हणाल्या, “दिवेच हवे असतील तर पलीकडे आकाशकंदील मिळतात.”

“रिकाम्या जागा मला हव्याच आहेत,” आम्रपाली म्हणाली आणि तिने माझा खोका उचलला. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

सुरुवातीची वर्षं साधी गेली. ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे चित्रं प्रोसेसरच काढायचा आणि मी ती माझ्या पाठीत खोचलेल्या तारेने पडद्याकडे पाठवायचो. गेममधली झाडं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दिसायची. मैत्रिणी हसायच्या. आम्रपाली खेळत राहायची. बारावीनंतर मेमरीची दुसरी पट्टी आली, मग नवा प्रोसेसर आला. दर वेळी वहीतला पेन्सिलीचा एक शब्द खोडला जायचा, आणि मला फार अभिमान वाटायचा. वाटणारच. मी जागा राखून ठेवली होती.

यंदा आम्रपाली नोकरीला लागली आणि ‘नंतर’ एकदाचं उजाडलं. ग्राफिक्स कार्ड घरी आलं. बसवायला अर्थात प्रज्ञेश. त्याने माझ्या लांब खाचेत कार्ड नीट बसवलं, झाकण लावलं आणि पडद्याची तार सवयीने जुन्याच जागी खोचली, माझ्या पाठीत. खरं तर आता ती कार्डाला लावायची होती. कार्ड तयारीत बसून राहिलं आणि चित्रं पुन्हा बिचारा प्रोसेसरच काढू लागला. झाडं होती तशीच, गड्ड्यासारखी.

प्रज्ञेशने लगेच निकाल दिला. बोर्ड म्हातारा झाला, त्याला कार्ड झेपत नाही, तेव्हा हा डबाच भंगारात देऊन टाकू आणि नवा संगणक घेऊ. तो आतून पोतंही घेऊन आला. संजयरावांनीसुद्धा मान डोलावली. मित्रांनो, मला इतका संताप कधी आला नव्हता. माझ्यात काडीचा दोष नव्हता. मला ओरडता येत नव्हतं, आणि माझ्याबरोबर आम्रपालीची सहा वर्षांपूर्वीची निवडही पोत्यात जाणार होती.

ती म्हणाली, “दादा, हा सहा वर्षांत एकदाही अडला नाही. आज आपण काय केलं ते आधी बघू या.”

तिने वही उघडली आणि केलेलं एकेक काम तपासत गेली. मग डबा फिरवून ती मागे वाकली.

“पडद्याची तार कुठे खोचलीस?”

“होती तिथेच,” प्रज्ञेश म्हणाला.

तिने तार माझ्या पाठीतून काढली आणि कार्डाला लावली. झाडांना पानं फुटली, तीही वेगवेगळी. मी तेच होतो, जागाही तीच होती. आपण तेच बघणार होतो असं पुटपुटत प्रज्ञेश चहा टाकायला गेला. पोतं संजयरावांनी कांदे आणायला नेलं.

माझ्यावर मेमरीच्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत आणि त्याची मला बिलकूल लाज वाटत नाही. मित्रांनो, कोणालाही निकामी ठरवण्याआधी डबा फिरवा, वाका आणि तार बघा. एवढ्यावरही मला न्यायला पोतं घेऊन यायचंच असेल, तर खुशाल या. फक्त आधी आम्रपालीच्या वहीतलं माझं नाव खोडून दाखवा. ते शाईने लिहिलेलं आहे.