दोन अंशांचा उतार

बाबांनी ते विमान स्वतःच्या हातांनी बांधलं होतं आणि त्यात ते एकदाही बसले नव्हते. कारण साधं होतं. जागा दोन, इंजिन लहान, धावपट्टी आखूड, तिच्या टोकाला शेजाऱ्याची उंच झाडं, आणि बाबा म्हणजे एका खुर्चीत दीड माणूस. त्यांची लेक दातांची डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी ती एकटी उडायची आणि बाबा कुंपणाशी उभे राहून मान दुखेपर्यंत वर बघायचे. ती उतरली की विचारायचे, "काय काय दिसलं?"

यंदा त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला, शस्त्रक्रिया ठरली. "या उन्हाळ्यात पंखावर पाय ठेवून चढता आलं तर आलं, पुढचं कुणी बघितलंय?" असं ते जेवताना सहज बोलून गेले. ते लेकीने मनावर घेतलं. महिन्याभरात तिने जुनं इंजिन काढून चांगलं दणकट नवं आणलं.

"जसा बाप, तशी लेक," आई म्हणाली. पण हँगरमध्ये चहा मात्र वेळेवर यायचा.

इंजिन बदललं की विमानाच्या नाकावरच्या पंख्याची पाती नव्याने लावावी लागतात. पातं जास्त तिरकं केलं की ते दर फेरीला हवेचा मोठा घास घेतं. वर गेल्यावर विमान छान पळतं, पण उड्डाणाच्या वेळी इंजिनाला धाप लागते. कमी तिरकं केलं तर चढ उत्तम, वेग बेताचा. आणि फारच कमी केलं तर इंजिन मोकाट सुटून लाल रेषेपलीकडे जातं. चढावर सायकलचे गिअर बदललेल्या माणसाला हे निराळं सांगायला नको.

बाबांना वेग हवा होता. क्लबातल्या वकिलाचं विमान दर रविवारी त्यांच्या डोक्यावरून मिजाशीत जायचं, ते त्यांना भारी सलायचं. "ताकद वाढलीय, तर घास मोठा घेऊ दे की!"

"बाबा, आधी झाडं, मग वकील."

बरीच हुज्जत घालून दोघांनी जुन्या इंजिनाच्या वेळी मोजलेल्या कोनावरून नवा, मधला कोन ठरवला आणि कोनमापक लावून तिन्ही पाती तंतोतंत सारखी बसवली.

जमिनीवर इंजिन पूर्ण सोडलं तेव्हाच फेऱ्यांची सुई मागे राहिली होती. नवं आहे, होईल मोकळं, अशी लेकीने स्वतःची समजूत घातली आणि एकटीच निघाली. विमान धावलं, धावलं, धावतच राहिलं. झाडांचे शेंडे चाकांखालून जेमतेम सरकले. तिची पाचावर धारण बसली. एकटीची ही गत, तर बाबांना घेऊन काय होणार?

ती उतरली तेव्हा बाबांनी काय दिसलं ते विचारलंच नाही. "राहू दे गं," ते म्हणाले. "मी आपला कुंपणाशीच बरा." त्यांचं हे समजूतदार बोलणं तिला सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रागारागाने सांडलेलं तेल धूत होती. साबणाचं पाणी विमानाखालून सुळकन पुढे गेलं, नाकाखालून दारापर्यंत आणि दाराबाहेर.

"बघ!" बाबा खूश झाले. "इतक्या वर्षांत या फरशीवर थेंब थांबला नाही. उतार मी दिलाय, चेष्टा नाही!"

लेक खराटा धरून तशीच उभी राहिली. बाबांचाही चेहरा हळूहळू बदलला.

विमान इतकी वर्षं भिंतीकडे नाक करून उभं असायचं. या वेळी इंजिन उचलायची क्रेन आत मावेना, म्हणून नाक दाराकडे केलं होतं. म्हणजे नाक खाली. कोनमापक बिचारा सरळ उभ्या रेषेशी तुलना करणार. विमान झुकलंय हे त्याला कुणी सांगितलं होतं? फरशीचा उतार एका अंशाचा. तो एक अंश या बाजूचा, आणि जुना आकडा घेतला होता उलट्या उतारावर, तो एक त्या बाजूचा. त्यांनी ठरवल्यापेक्षा पाती चांगली दोन अंशांनी जास्त तिरकी बसली होती.

"माझ्याच फरशीने मला खाली ठेवलं होय!" बाबा म्हणाले आणि पोट धरून हसत सुटले. लेकीला हसता हसता रडू आलं.

पुढच्या चाकाखाली फळ्या घालून त्यांनी विमान समतल केलं. ती पहिलं पातं आवळणार, तेवढ्यात बाबांनी तिचा हात धरला. "अजून जरासं कमी कर."

"आणि वकील?"

"जाऊ दे त्याला पुढे."

आता सुई जिथे हवी तिथे चढली. एकटीने उडून झाल्यावर लेकीने शेजारच्या खुर्चीत बाबांच्या वजनाची वाळूची पोती बांधली. आईने ती निरखली. "अजून एक घाल. जेवायला मी वाढते त्यांना, मला विचार." तेही पोतं घालून विमान झाडांवरून दिमाखात गेलं.

मग पोती उतरली आणि बाबा चढले. गुडघे कुरकुरले, आईने मागून ढकललं, लेकीने वरून ओढलं. पट्टा शेवटच्या भोकात बसला.

लेकीने इंजिन सोडलं. धावपट्टी अर्धीही सरली नव्हती तेव्हा चाकं सुटली. झाडं खाली, पार खाली राहिली. त्यांच्या शेंड्यांवर बसलेले पक्षीसुद्धा उठले नाहीत. लेक आनंदाने ओरडलीच. बाबा मात्र वाकून खाली बघत होते. त्यांना हँगरचं छप्पर दिसत होतं, दारातून चमकणारी फरशी दिसत होती, आणि ज्या कुंपणाशी ते इतकी वर्षं उभे राहिले तिथे आता आई उभी होती, मान वर करून.

तेवढ्यात शेजारून वकिलाचं विमान झपकन पुढे गेलं. लेकीने धास्तावून बाबांकडे पाहिलं.

त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. काचेला नाक लावून ते म्हणाले, "जरा हळू घे गं. मला सगळं बघायचंय."